सलोमीबाईचा नकार

खानापुरात सलोमीबाईएवढी हट्टी बाई झाली नाही, असं तिच्या जावा म्हणत. खोटं कशाला बोला, होतीच ती हट्टी. माणसानं देवाकडं आपल्या मनानं जावं, कुणी हात धरून ओढू नये, एवढाच तिचा हट्ट.

बाप्टिस्ट मंडळींची रीतच तशी. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती म्हणायचं नाही. ते मोठं होऊन, समजून-उमजून मागेल, तेव्हा नदीत पुरतं बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. सलोमी अशीच मलप्रभेतून ओलीचिंब होऊन आली होती. पुढं म्हातारे पाळक वारले, होती ती चार घरं पोटामागं लोंढ्याला, हुबळीला पांगली आणि सलोमी एकटी राहिली. तिनं वखारीत लाकडं कापणाऱ्या रवळूशी संसार थाटला. रवळूच्या भावकीनं कपाळ बडवून घेतलं. पाळक जिवंत असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

दर रविवारी ती चुलीपुढं बसून एकटीच गाई, एकटीच प्रार्थना करी. रवळू अंगणात विडी ओढत बसे. चेष्टा त्यानं कधी केली नाही, पण तेवढा वेळ उंबराही ओलांडला नाही. मुलगा मष्णू सणासुदीला चुलत्याकडं जाई. दोघांपैकी एकानं तरी आपणहून यावं म्हणून तिचा जीव तुटे, पण तोंडानं तिनं कधी काढलं नाही.

छत्तीस साली वखारीत ओंडका घसरून रवळूच्या पाठीवर आला. कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून बजावलं. आणि एका दुपारी तो आपणहून म्हणाला, "सलोमे, मला बाप्तिस्मा पायजे. तुझ्या देवाचा."

तिला भरून आलं. बेळगावहून दुसऱ्या मिशनचे उपदेशक पाहायला आले होते. ते म्हणाले, "बाई, नदी कशाला? ओंजळभर पाणी शिंपडतो. उद्या काय बरंवाईट झालं, तर आमच्या स्मशानात यांना जागा मिळेल. पुढं तुम्हालाही, शेजारी."

सलोमीबाईनं रवळूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "शिंपडलेलं मी बाप्तिस्मा मानत न्हाय. जे मानत न्हाय ते ह्यास्नी कसं दिऊ?" रवळूकडं वळून म्हणाली, "अवं, तुमी मागितलंसा, देवानं ऐकलं. पाण्यावाचून त्यो तुमास्नी टाकनार न्हाय." रवळूनं मान हलवली. त्याला पटलं की तो फक्त दमला होता, हे तिला कळलं नाही.

आठवड्यात तो गेला. बाप्तिस्मा नाही म्हटल्यावर मिशनवाल्यांचा हक्क उरला नाही. भावकी आली, तिरडी बांधली. मष्णूनं मडकं धरलं. बायांनी स्मशानात जायचं नसतं, म्हणून सलोमीबाई दारात उभी राहिली. ज्या माणसाशेजारी जन्म काढला, त्याच्या शेजारी माती मिळायची नाही, हे तिला तेव्हा खरं कळलं. तिचं काळीज फाटलं.

दिवस-कार्य उरकून मष्णू आईकडं आला. मुंडन केलेल्या डोक्यावर खुंट उगवले होते. चूल थंड बघून त्याला गलबलून आलं.

"आये, मी घेतो बाप्तिस्मा. नदीत बुडून, तू म्हनशील तसा."

सलोमीबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. उभा जन्म याच शब्दांची तिनं वाट पाहिली होती.

"कशापायी रं?"

"तू एकटी हाईस. तुझ्यासाठनं."

"माझ्यासाठनं व्हय?" तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "मग नगं, लेकरा. जा, चुलती जेवाया थांबली असंल."

तो गेल्यावर तिनं दार लावलं आणि मोठ्यानं रडली. घरात ऐकायला कुणी नव्हतं.