देखाव्यातलं दार

धुळ्यात पांझरेच्या काठाला आमची पत्र्याची वस्ती होती. घरांना नंबर नव्हते. माझं घर कुणी विचारलं की लोक सांगायचे, हिरव्या दाराचं. ते दार आमच्या ह्यांनी रंगवलेलं. ट्रकच्या बॉडीला रंग द्यायचं काम करायचे ना, मग उरलेला हिरवा आणून दाराला लावला आणि ट्रकच्या फाळक्यावर काढतात तसं मधोमध गुलाबी कमळ काढलं. मी म्हटलं, हे घर आहे की गाडी? तर म्हणाले, गाडीच, फक्त कुठं जात नाही. ते गेले, मग मुलगा सुरतेला लूमवर गेला, आणि मी आणि ते दार तेवढे राहिलो.

एका साली वस्ती उठवणार अशी बोलणी सुरू झाली. पलीकडच्या पेठेतल्या गणपती मंडळाच्या पोरांना ते फार लागलं. चांगली पोरं, खोटं कशाला बोलू. त्यांनी ठरवलं, यंदा देवादिकांचा देखावा नको, मांडवात झोपडीच उभी करू, शहराला एकदा बघू दे. त्यांचा पुढारी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. तो माझ्याकडे दार मागायला आला, विसर्जनापर्यंत. आपलं घर वाचणार असेल तर दाराचं काय एवढं, म्हणून दिलं. चौकटीत गोणपाट टांगलं आणि राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून पाहायला गेले. केवढी रांग! आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या नाकाला पदर लावायच्या, त्याच बाया लेकरं घेऊन ताटकळत उभ्या. आत बांबूचा सांगाडा, वर आमच्यासारखेच पत्रे, चुलीशी वाकलेली पुतळ्याची बाई, चुलीत लाल बल्ब. टेपवर कुणी मास्तर गरिबाचं दुःख सांगत होता. सगळं होतं, माझं दार कुठं दिसेना.

मग कडी दिसली. कडी माझीच. दाराला काळा रंग फासून वरून राख चोळली होती. हिरवं नाही, कमळ नाही.

त्या बोर्डवाल्याला गाठलं. तो बिचारा मनापासून समजावायला लागला.

"अक्का, तुमनं दार भलतंच चांगलं व्हतं. गरिबनं वाटतंच नव्हतं. देखनारासले गरिबी दिखाले जोयजे."

बघणाऱ्यांना गरिबी दिसायला हवी, म्हणे. परत रांगेत येऊन उभी राहिले. पुढची बाई म्हणत होती, असल्या दाराआड माणसं राहतात तरी कशी. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, हे दार माझं आहे. मी राहते."

तिनं माझ्या लुगड्याकडे पाहिलं आणि हसली. "मावशी, तुम्ही पण ना." आणि रांग पुढं सरकली.

देखाव्याला बक्षीस मिळालं. वस्ती त्या साली उठली नाही. देखाव्यामुळे की निवडणुकीमुळे, मला नाही सांगता येत. विसर्जनानंतर पोरांनी दार खांद्यावरून आणून दिलं, वर पेढा दिला. ती गेल्यावर मी घासलेटचा बोळा घेऊन बसले. काळं निघत होतं, पण त्याच्याबरोबर हिरवंही निघत होतं. कमळाच्या दोन पाकळ्या उरल्या तेव्हा हात थांबवला. सुताराला सांगून दार उलटं बसवून घेतलं. बाहेर कोरं लाकूड, पाकळ्या आत. दिवसभर त्यांच्यासमोर बसायची. बोलायला दुसरं होतं कोण?

दिवाळीला मुलगा आला. न कळवता. दारावरून त्याची पावलं पुढं निघून गेलेली मी ऐकली. मग परत आली. मग शेजारणीच्या उंबऱ्याशी त्याचा आवाज.

"काकू, हिरव्या दाराचं घर कुठं गेलं?"

मी कडी काढायला उठले.