कौसाबाईंचं बोट

"सोमवारी बोट काढतोय," सर्जन फोनवर म्हणाले. "तुमचा रिपोर्ट पुन्हा निलच आहे."

नव्वदच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका लॅबचा इन्चार्ज होतो. बोट होतं मूल गावाकडच्या कौसाबाईंचं, उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. आठ महिने गाठी आणि पू. अँटिबायोटिकचे तीन कोर्स वाया गेलेले. कल्चर म्हणजे जखमेतला नमुना घेऊन त्यातले जंतू बाटलीत वाढवायचे. ते मी तीनदा केलं होतं आणि तिन्हीदा 'वाढ नाही' म्हणून ऐटीत सही ठोकली होती.

चौथा नमुना घेताना बाई म्हणाल्या, "साहेब, बोट गेलं त विळीवर मासोळी कायनं धरू?"

मी फॉर्म पाहिला. व्यवसाय: घरकाम. समोर बाई दिसली की आमचा क्लार्क न विचारता तेच लिहायचा. आता विचारलं तर कळलं, या बाई वीस वर्षं बाजारात मासे कापत होत्या! दुखणंही शिंगी माशाचा काटा रुतल्यापासूनचं होतं.

"थंडीत जास्तच वाढते," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी शेकलं का मले बरं वाटते."

मला स्वतःचाच राग आला. माशांच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ राहतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो हातापायांतच ठाण मांडतो. आणि आमचा इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची उबदार पेटी, कायम सदतीस अंशांवर. तिथे तो वाढणार कसा?

सर्जनकडे महिनाभराची मुदत मागितली. ते कुरकुरले.

"हात बिघडला तर जबाबदार कोण?"

"मी."

फेब्रुवारी सरत होता. माझ्या खोलीत पारा तिशीच्या आसपास असे. बाटली तिथल्याच कपाटात ठेवली. तिसऱ्या आठवड्यात फिकट कण दिसले. ते खिडकीतल्या उजेडात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी हळदीसारखे पिवळे. उजेडात पिवळं होणं ही याच जंतूची खोड. मी एकटाच हसलो.

क्षयाची दोन औषधं सुरू झाली. दोन महिन्यांत जखम भरली, तशा बाई गोळ्या सोडायला निघाल्या. मी चांगलाच रागावलो. मग मात्र त्यांनी पुढचे चार महिने एक गोळी चुकवली नाही.

हिवाळ्यात त्या आल्या आणि बोट दाखवलं. थोडं ताठ, पण जागेवर. "मासोळी धरता येते," एवढंच म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून व्यवसायाचा रकाना मी स्वतः विचारून भरतो. आणि नुसतं 'वाढ नाही' लिहीत नाही. 'सदतीस अंशांवर वाढ नाही' असं लिहितो.