सुरक्षा बंद करा

तांबोळीताई चिडल्या की त्यांचा आवाज गेटवरच्या गार्डपर्यंत जायचा. चिडायच्या मात्र संगणकावर, साहेबांवर, क्वचित माझ्यावर. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसावर कधीच नाही. मूळच्या उदगीरच्या. गाझियाबादच्या आमच्या कार्यालयात निवृत्त लोकांचे पेन्शनचे अर्ज ऑनलाइन भरून देतात; तिथे त्या नऊ वर्षं कंत्राटी ऑपरेटर होत्या. स्पर्धा परीक्षेचे सगळे प्रयत्न संपवून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसलो. त्या कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

आमच्याच साइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याची, मुदत संपली होती. साइट उघडायला गेलं की ब्राउझर लाल इशारा दाखवून अडवायचा. प्रमाणपत्र नवं करून घ्यायचं सोडून साहेबांनी भिंतीवर कागद चिकटवला : ‘सेटिंग में जाकर सुरक्षा बंद करें.’

ताईंनी तो फाडला. दुसऱ्या दिवशी नवा लागला. तोही फाडला.

“स्वतःचं कुलूप गंजलंय, आणि लोकांना सांगतात घराचं दार काढून ठेवा!”

त्या स्वतः आधी प्रमाणपत्रावरचं नाव तपासायच्या, नुसती मुदतच संपलीय ना हे बघायच्या आणि तेवढ्या एका साइटला परवानगी द्यायच्या. “बाकी कशालाही हात लावायचा नाही,” मला दरडावायच्या, “आणि काम झालं की परवानगी काढून टाकायची. कळलं?”

तोवर कागद वाचून घरी गेलेले थोडे नव्हते. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी नातवाच्या लॅपटॉपवर सगळी सुरक्षा बंद केली आणि आमच्यासारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइटवर आधार क्रमांकापासून पासवर्डपर्यंत सगळं भरलं. त्यांची पेन्शन भलत्याच खात्यात वळली. ते साहेबांपुढे येऊन उभे राहिले.

साहेब म्हणाले, “बाबूजी, ध्यान रखना चाहिए था.”

“ध्यान?” ताई उठल्याच. “काग़ज़ आपने लगाया, और ध्यान ये रखें?”

त्याच दुपारी त्यांनी वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली, स्वतःच्या नावानिशी. खाली जागा सोडून कागद माझ्यापुढे सरकवला. “तूही बघितलंयस सगळं. सही कर.”

“ताई, मी अजून नवीन आहे,” मी म्हणालो.

त्यांनी कागद उचलला आणि एकट्याच घेऊन गेल्या.

महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मेट्रो स्टेशनपर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. वाटेत त्या मला लागेलसा एक शब्दही बोलल्या नाहीत. “तुला घरी पैसे पाठवायचे असतात, मला कळतं,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी भर रस्त्यात मला फैलावर घेतलं असतं तर मी सुटलो असतो.

पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र नवं झालं. त्या तक्रारीवरूनच वरून आदेश आला होता, हे अख्ख्या कार्यालयाला ठाऊक होतं. बैठकीत साहेबांना तत्परतेबद्दल शाल मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.