यादीत नसलेलं बेअरिंग

विद्यापीठातर्फे आम्ही बर्डीजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअरमधल्या मालाची यादी कॉम्प्युटरवर चढवत होतो. तिथले स्टोअरकीपर रोज आमच्या खुर्च्या पुसायचे, चहा मागवायचे आणि प्रत्येक वाक्याआधी "तुम्ही शिकलेले लोक" म्हणायचे. कामाचं मात्र आम्ही मॅनेजरसाहेबांनाच विचारायचो.

पहिली छापील यादी आली, त्याच दिवशी एक मशीन बंद पडलं. यादीप्रमाणे त्याचं बेअरिंग शिल्लक नव्हतं. स्टोअरकीपरांनी आपल्या टेबलाखालच्या डब्यातून एक काढलं, खुर्च्यांच्याच फडक्यानं पुसलं आणि यादीवर ठेवलं.

"काका, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही शिकलेले लोक," ते म्हणाले. "महिनाभर वाट पाहून राहिलो होतो, आज तरी मले विचारसान म्हणून."