तिसऱ्या खुणेवरचा खटका

बायकोला मी हे सांगितलं नाही. ती शेवटच्या आजारात उशाशी बसवून घ्यायची, तेव्हाही नाही. मित्रांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता — ज्यांच्यापुढे आयुष्यभर शहाणपणा मिरवला, त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. यात धैर्य वगैरे काही नाही.

मी मलकापूरला हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात मला 'जाझमास्तर' म्हणत — निम्मे कौतुकानं, निम्मे टिंगलीनं. मला दोन्ही गोड लागायचं. झालं असं होतं की भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक गोव्याचे गार्डसाहेब निवृत्त होऊन गावी निघाले आणि त्यांचा रेकॉर्ड प्लेअर व सहा मोठ्या रेकॉर्डी मी घेतल्या. प्लेअरच्या खटक्याजवळचे आकडे झिजून गेले होते, नुसत्या चार खुणा उरल्या होत्या. गार्डसाहेब सामान बांधता बांधता म्हणाले, सिनेमाची गाणी शेवटच्या खुणेवर लावा, ह्या मोठ्या रेकॉर्डी अलीकडच्या. अलीकडच्या म्हणजे कुठल्या? मी विचारलं नाही. शेवटच्या खुणेच्या लगेच अलीकडची ती तिसरी, असं मी धरून चाललो.

सहाही रेकॉर्डी नुसत्या वाद्यांच्या होत्या. एकीवर जरी एखाद्या बाईचं गाणं असतं, तरी पहिल्याच दिवशी घोटाळा लक्षात आला असता. पण नव्हतं. मला आपलं ऐकू येई ते एक भन्नाट, धापा टाकायला लावणारं वादन. आणि मग माझी मतं! जाझ म्हणजे वेग, दुसरं काही नाही. पियानोवाला माणूस नसून यंत्र आहे. सहावी रेकॉर्ड उथळ आहे, कारण तिच्यात हे लोक मधूनच सुस्तावतात. थोडं कव्हरच्या पाठीमागे छापलेलं असे, बाकीचं मी पदरचं घालत असे. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्लेअर नेऊन मी यावर भाषणसुद्धा ठोकलं. वकील, डॉक्टर, आमचे हेडमास्तर — सगळे माना डोलावत होते.

आता दशरथबद्दल. किती वेळ टाळू?

दशरथ रोहिणखेडचा माळी. घरची वांगी-मिरची करायचा आणि लग्नसराईत मलकापूरच्या एका बँडमध्ये क्लारनेट वाजवायचा. माझ्याच वयाचा, काटक, बोलायला कमी. बँड ठरवायला आलेले लोक आधी विचारत, दशरथ आहे ना? नसला तर तारीख पुढे ढकलणारी माणसं मी पाहिली आहेत. एका रविवारी माझ्या घरावरून जाताना त्यानं क्लारनेटची रेकॉर्ड ऐकली आणि दारात उभा राहिला. चप्पल काढून आत आला. रेकॉर्ड संपली तेव्हा म्हणाला, "मास्तर, हा मानूस दम कवा घेते हो?"

मी हसलो. म्हणालो, तेच तर जाझ.

मग तो दर रविवारी सकाळी येऊ लागला. एकेक तुकडा ऐकायचा, आधी सावकाश वाजवून पाहायचा. सूर आपल्याहून बराच वर आहे हे त्याच्या कानानं लगेच पकडलं. "लहान क्लारनेट असन त्याचं," तो म्हणाला, "पन बोटं तं आपल्यासारखीच असतीन ना?" त्याचं सावकाश वाजवणं मला सहन होत नसे. मी टेबलावर पट्टी आपटत असे — जलद, दशरथ, जलद! वर्षभर हे चाललं. खालचा ओठ आतून दातांनी कापला जायचा, म्हणून तो सिगारेटच्या पाकिटातला कागद घडी करून दातांवर बसवायचा. तरी रक्त यायचं. चूळ भरायला मागच्या दारी जायचा आणि परत येऊन बसायचा.

त्या उन्हाळ्यात मी पेपर तपासायला अकोल्याला गेलो. तिथे एका डॉक्टरांकडे माझी उतरायची सोय होती आणि त्यांच्याकडे तीच क्लारनेटची रेकॉर्ड निघाली. त्यांनी ती लावली. मी ऐकलं आणि — काय म्हणालो असेन? म्हणालो, डॉक्टर, तुमची मशीन मंद पडली आहे, दाखवून घ्या.

ते फार सभ्य गृहस्थ होते. हसू दाबत त्यांनी रेकॉर्डीच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. तेहतीस आणि एक तृतीयांश. मिनिटाला इतके फेरे. माझी तिसरी खूण पंचेचाळीस फेऱ्यांची होती, तेहतिसाची तिच्या अलीकडची. तो आकडा मी शेकडो वेळा पाहिला होता. मला वाटे, तो कंपनीचा काही नंबर असेल. मी इंग्रजीचा मास्तर, बरं का.

मग मी नीट ऐकलं. तो माणूस श्वास घेत होता. एखादा सूर लांबवत होता, मध्येच थांबत होता, जेवण झाल्यावर ओसरीवर बसून कुणी शांतपणे बोलावं तसा. सूरही खालचा — दशरथच्या क्लारनेटचा असतो तोच. आणि मला कळलं की हे मी ऐकलेलं आहे. माझ्याच घरात. दशरथ पहिल्या महिन्यात सावकाश वाजवायचा ते हेच होतं. हुबेहूब हेच, आणि खरं सांगायचं तर काही जागी याहून गोड. त्यावर मी पट्टी आपटत होतो.

परतीच्या गाडीत ठरवलं होतं की रविवारी त्याला सांगायचं. रविवार आला. तो आला. ओठ सुजलेला. आणि मला वाचनालयाचा हॉल दिसू लागला, वकिलांच्या माना दिसू लागल्या. याला सांगितलं की हा बँडवाल्यांना सांगणार, आणि मग गावात काय हसतील! एवढंच कारण होतं. दुसरं शोधलं, पण नव्हतंच.

इथवर कदाचित भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही. एकटा असलो की मी खटका दुसऱ्या खुणेवर ठेवून ऐकू लागलो. तेव्हा मी खरा जाझचा भक्त झालो. उथळ ठरवलेली सहावी रेकॉर्ड ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि रविवारी सकाळी, दशरथ यायच्या आधी, मी खटका पुन्हा तिसऱ्या खुणेवर नेत असे. आठवणीनं. एकदाही विसरलो नाही. हे मी पुढची दोन वर्षं केलं.

सोनाळ्याच्या एका मोठ्या घरच्या वरातीत दशरथनं तो वेग वाजवायचा प्रयत्न केला. बोटं अडकली, सूर फुटला, नाचणारी पोरं थांबून हसली. पुढच्या रविवारी तो रिकाम्या हातानं आला. "मास्तर, मी सोडून देलं. क्लारनेट बँडच्या मालकाले वापस केलं. आपल्याच्यानं नाही होत ते."

प्लेअर शेजारीच होता. खटका एक खूण मागे घ्यायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "सगळ्यांनाच जमतं असं नाही, दशरथ."

तो हो म्हणाला, पाणी प्याला आणि गेला. त्यानंतर त्यानं वाद्याला हात लावला नाही. लग्नात बँड वाजू लागला की उठून बाहेर जायचा, असं ऐकलं. दहा-बारा वर्षांनी तो काविळीनं गेला. मी रोहिणखेडला भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं अंगणात सतरंजी टाकली, चहा केला. मला पाहून तिला बरं वाटलं — हे सर्वांत वाईट.

"ते म्हनत जात," ती म्हणाली, "साऱ्यायनं मले चढवून ठेवलं होतं, एका मास्तरनंच खरं सांगतलं." मग तिनं विचारलं, "नव्हतंच काय हो मास्तर त्यायच्या बोटात काही?"

अंगणात आम्ही दोघंच होतो. तिला जाझ कळत नव्हता, ती वकिलांना भेटणार नव्हती, मला हसणारं तिथं कुणी नव्हतं.

"नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कपबशी उचलली आणि ती वांग्यांना पाणी सोडायला गेली.