त्याच अक्षराची चिप

दुष्काळाच्या त्या साली कळंबजवळच्या आमच्या दूध संघात एकच खोली गार होती आणि तिची किल्ली माझ्याकडं असायची. पुण्यातल्या एका कारखान्यानं काढून टाकलेलं युनिक्सचं मशीन, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, संघानं आणलं होतं. त्याला धूळ आणि ऊन सोसत नाही म्हणून त्या खोलीला एसी. बाहेर बाया टँकरमागं घागरी घेऊन पळत होत्या आणि मी दाराबाहेर चपला काढून गारव्यात बसत होते. याची मला लाज वाटायची. पुढं मॅनेजरसाहेबांच्या सगळ्या मीटिंगा माझ्याच खोलीत व्हायला लागल्या, तेव्हा ती लाज आम्ही सगळ्यांनी वाटून घेतली.

मी आमच्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. त्यावर पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. त्या उन्हाळ्यात संघानं गावोगाव फिरून सभासदांची जनावरं मोजली होती. कुणाकडं किती म्हशी, दुभत्या किती, गाभण किती. बाहेरून कडबा येणार होता आणि त्याची वाटणी याच यादीवरून व्हायची होती. दोन महिने खपून मी ती मशीनमध्ये भरली. शेवटचं गाव संपलं त्याच आठवड्यात एका सकाळी मशीन चालू केलं, तर आत फट्‌ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि पडद्यावर आलं की डिस्क सापडत नाही.

झाकण उघडून बघितलं. डिस्क ठणठणीत फिरत होती. तिच्या आणि मशीनच्या मध्ये एक कार्ड असतं, डिस्क कंट्रोलर. डिस्कवरचं वाचून मशीनला सांगायचं काम त्याचं. त्याचा एक कोपरा काळा पडला होता.

"फ्लॉपीवर नक्कल असंल की," मॅनेजर म्हणाले.

होती. नऊ फ्लॉपींवर होती, पण त्यातली सहावी वाचता येत नव्हती, आणि नक्कल करून झाली की ती तपासायची असते हे मला तोवर सुचलंच नव्हतं. चूक माझी होती. मी तसं सांगितलं. मॅनेजर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कडब्याच्या गाड्या दहा दिवसांत यायल्यात. कागदावरून परत भरायला किती दिस लागतील?" मी म्हणाले, "दोन महिने." त्यांनी एसीकडं बघून सुस्कारा सोडला.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, अगदी नवं कार्ड आहे, दुप्पट वेगाचं. मी विचारलं, "आमच्या युनिक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का?" त्याला ते ठाऊक नव्हतं. शेजारी उभे असलेले मॅनेजर मात्र चटकन म्हणाले, "ड्रायव्हरची काय काळजी करता? टँकरवर चार हायत की! कुणालाबी धाडतो." हा ड्रायव्हर गाडीचा नव्हे, मशीनला ते कार्ड वापरायला शिकवणारा प्रोग्राम, हे त्यांना समजावता समजावता माझा पहिल्यांदा ताण उतरला आणि मी हसले.

मग मशीन बसवून गेलेल्या पुण्याच्या इंजिनिअरांना फोन केला. ते म्हणाले, "नवं नको. त्याच बनावटीचं जुनं घ्या. हैदराबादला जुन्या मालाच्या दुकानात मिळेल. आणि कार्डावरच्या मोठ्या चिपवर एक अक्षर असेल ते बघा."

"सी आहे."

"मग सीच आणा. अक्षर बदललं की डिस्कवर लिहायची पद्धत बदलते. आणि मशीननं फॉर्मॅट करू का विचारलं, तर जीव गेला तरी हो म्हणू नका. सगळं पुसलं जाईल."

हैदराबादला माझ्यासोबत स्टोअरचे अप्पा निघाले. उमरग्याकडचे, कानडी-मराठी दोन्ही बोलणारे, पन्नाशी उलटलेले. संघाच्या सगळ्या पंपांचे, इंजिनांचे सुटे भाग तेच निवडून आणायचे. जळकं कार्ड मी आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून घेतलं. एसटीनं उमरग्याला पोचलो, अप्पांच्या बहिणीकडं मुक्काम केला. तिनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, आणि मी इंजिनच्या कामाला निघाले आहे असं समजून मला अजून एक भाकरी बळंच घातली.

हैदराबादचं दुकान म्हणजे वायरी, मोटारी आणि पत्र्याच्या पेट्यांची रास होती. दुकानदारानं तासाभरानं एक कार्ड काढलं. मी जमिनीवर फडकं अंथरून दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. अप्पांनी खिशातली पट्टी काढून दिली. "नुसतं बघू नको पोरी, मोज." लांबी, भोकं, केबलच्या जागा, हिरव्या पाटीवर छापलेला नंबर, सगळं जुळलं. मोठ्या चिपवर मात्र ई होतं.

"एकीच है बाई," दुकानदार म्हणाला, "परेशान नक्को होओ."

"अक्षर वेगळं आहे," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण त्यानं लगेच चहा मागवला. दुसरं कार्ड त्याच्याकडं नव्हतं.

अप्पा चष्मा कपाळावर ढकलून कार्डावर वाकले आणि त्यांनी मोठ्या चिपवर बोट ठेवलं. "ह्यो काळा किडा झाळलेला न्हाय. खोबणीत बसवलाय. मग निघंल की."

"निघेल, पण..."

"आपला जळाला कोपरा. किडा तर शाबूत हाय. जुन्या इंजिनाचा चांगला नोझल काढून दुसऱ्यात टाकत न्हाय का आपण? आपला किडा त्याच्या कार्डात घाल."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि समोरच्या एसटीडी बूथकडं पळाले. इंजिनिअर म्हणाले, "पाटीवरचा नंबर एकच असेल तर चालायला हवं. मी स्वतः कधी केलेलं नाही." एवढा भरवसा पुरे होता. कार्ड घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गार खोलीत मॅनेजर, दोन कारकून आणि एक टँकर ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे होते. पातळ स्क्रू ड्रायव्हरनं मी सीची चिप उचलली. निघताना तिचा एक पाय वाकला. अप्पांनी चिमटा पुढं केला आणि मी त्यानं तो पाय हळूच सरळ केला. नव्या कार्डात ती बसवली. जुन्यावरच्या बारीक पिना जशा जोडल्या होत्या तशाच नव्यावर जोडल्या. अप्पांनी छातीवरच्या इष्टलिंगावर हात ठेवून डोळे मिटले, मी मनात त्रिशरण म्हटलं आणि बटण दाबलं.

डिस्क सापडत नाही.

मी मशीन बंद केलं आणि पहिल्यापासून सगळं तपासत गेले. केबलची लाल कड उलट्या बाजूला होती. घाईत मीच उलटी लावली होती. ती सुलटी केली, पुन्हा बटण दाबलं. डिस्कचा दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला आणि पडद्यावर एकेक ओळ सरकायला लागली. फॉर्मॅटचं कुणी विचारलं नाही. शेवटी नाव विचारलं गेलं. मी माझं नाव टाकलं, यादी उघडली आणि पहिल्या गावाची पहिली म्हैस दिसली, गाभण.

"हाय का?" मॅनेजरनी विचारलं.

"सगळी हायत!" मी ओरडले. कोर्स केल्यापासून ऑफिसात जपून बोलायची माझी सवय त्या क्षणी कुठल्या कुठं गेली. टँकर ड्रायव्हरनं शिट्टी मारली. मी आधी नक्कल केली, मग ती वाचून बघितली, मग दुसरी केली.

गाड्या आल्या त्या दिवशी यादी छापून तयार होती. आमच्या गावातल्या वाटपाला मी मुद्दाम गेले. मशीन फक्त इंग्रजी अक्षरं छापायचं आणि वाटप करणारा कारकून त्यावर अडखळत होता. माझे वडील, प्राथमिक शाळेतले मास्तर, रांगेतून पुढं झाले आणि खणखणीत आवाजात एकेक नाव वाचायला लागले. वरच्या आळीची, खालच्या आळीची, आमच्या वस्तीची, यादीत आली तशी. लोक हाक आली की पेंढ्या उचलत होते. आमची दोन गाईंची ओळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचंच नाव पुकारलं, इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःच "हजर" म्हणाले. सगळी रांग हसली. मी पुढं होऊन पेंढी डोक्यावर घेतली आणि घरी निघाले.