बंद पडलेला माईक

रविवार सकाळ, सोसायटीची गच्ची. हजर: अध्यक्ष सुलभाताई, चाकाच्या खुर्चीत जोशीकाका, पाटील, सचिव म्हणून मी आणि बाकीची बिऱ्हाडं. विषय एकच: फाटकाच्या पायऱ्यांवर काकांसाठी उतार बांधायचा. त्यात पाटलांच्या गाडीची जागा जाणार होती.

सुलभाताई बोलायला उठल्या आणि माईक बंद पडला. आता त्या ओरडून बोलतील असं वाटलं, पण त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"ओ ताई, काही ऐकू येत नाही!" पाटील मागून ओरडले.

"मग जवळ या की, पाटीलभाऊ."

कुरकुरत खुर्च्या पुढे सरकल्या. पाटलांची काकांच्या खुर्चीला टेकली.

"काका, रस्त्यावर शेवटचे कधी गेलात?" सुलभाताईंनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

पाटील खाली बघत म्हणाले, "गाडी मी मागे लावतो."

मी थक्क होऊन बघत राहिले. माझी सारी वर्षं सभेत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यात गेली. इथे शेवटची रांगच, थंडीत शेकोटीकडे सरकावं तशी, आवाजाकडे चालत आली होती.

उताराचं काम सुरू झालं आहे. माईक दुरुस्तीला टाकायचा मात्र अजून राहिलाय.